काळं पाखरू आणि डॉ. सलीम अली

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. माझं लिहिणं म्हणजे बँकेची पत्रं, तपासणीचे अहवाल आणि सचिव असताना लिहिलेली सोसायटीची इतिवृत्तं. सोसायटीचा इतिहास दुसरे सभासद लिहिणार होते, बोअरवेलची कथा तिसऱ्यांकडे होती. मग म्हटलं, आपण एका थोर माणसाची ओळख करून देऊ. तो माणूस खान्देशातला नव्हे. पण त्याच्यामुळे मला आपल्याच आवारातले शेजारी ओळखू यायला लागले, म्हणून त्याच्यावर लिहायचं ठरवलं.

निमित्त घडलं गेल्या उन्हाळ्यात. नातू पुण्याहून सुटीला आला होता. जळगावचं ऊन तुम्हाला काय सांगायचं! दहानंतर बाहेर पडायची सोय नाही. म्हणून पहाटे सहालाच आम्ही आजोबा-नातू गॅलरीत बसायचो, माझा चहा आणि त्याचं दूध. समोरच्या विजेच्या तारेवर एक काळं पाखरू बसलेलं. नातवाने विचारलं, आजोबा, हा कावळा एवढा बारीक कसा, आणि याची शेपटी मधोमध कापल्यासारखी का. मी ठोकून दिलं, कावळ्याचं पिल्लू असेल. नातवाचं समाधान झालं, माझं झालं नाही. सारा जन्म बँकेत काढला. समोरच्याची ओळख पटल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा पहिल्या दिवशीचा धडा. आणि घरासमोर रोज बसणाऱ्या जिवाला मी खोटं नाव देऊन मोकळा झालो होतो.

वाचनालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. लेखक डॉ. सलीम अली. ते वाचता वाचता त्या माणसाचं आयुष्यही वाचलं, आणि लक्षात आलं की त्यांची सगळी कहाणीसुद्धा अशाच एका न ओळखलेल्या पाखरापासून सुरू झाली होती.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भाचरांना गिरगावात, खेतवाडीच्या घरी वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन. त्या काळच्या खात्यापित्या घरात मुलाच्या हाती छर्ऱ्याची बंदूक देणं यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सलीमलाही ती मिळाली आणि तो चिमण्या टिपत हिंडू लागला.

एके दिवशी पडलेली चिमणी उचलली तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. ही कोणती? आणि आपल्या धर्माप्रमाणे ही खाल्लेली चालते का? मुलगा मामांकडे गेला. मामांनाही ठाऊक नव्हतं. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते, म्हणून त्यांनी तिथले मानद सचिव मिलार्ड साहेब यांच्या नावे चिठ्ठी दिली. हा प्रसंग १९०८ सालचा. कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन एक बारका पोरगा फोर्टातल्या त्या कचेरीत बिचकत शिरला. गोऱ्या साहेबाच्या दारात उभं राहण्याची तेव्हा मोठ्यांनाही धास्ती वाटे. पण मिलार्ड साहेबांनी त्याला आत घेतलं, चिमणीचं नाव सांगितलं, आणि मग एकेक खण उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. आपल्या देशात इतक्या जातींचे पक्षी आहेत हे त्या मुलाला त्या दिवशी कळलं. तिथून पुढे तो तिथे जातच राहिला. पक्ष्याचं कातडं कसं सोडवायचं, पेंढा कसा भरायचा, चिठ्ठीवर नोंद कशी करायची, सगळं शिकला.

साहेबाने तेव्हा त्या मुलाला दारातून हाकललं असतं तर? मीही त्या दिवशी नातवाला असंच वाटेला लावलं होतं, एवढं मात्र खरं.

पुढचं आयुष्य काही सरळ रेषेत गेलं नाही. शाळेत असताना डोकेदुखीने पिडलं, हवापालटासाठी सिंधमध्ये राहावं लागलं. १९१३ साली मॅट्रिक कसंबसं झालं. कॉलेजात गणिताने आणि लॉगॅरिथमने दमवलं, तेव्हा शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशात ताव्हॉयला भावाच्या धंद्यावर गेले. तिथे खाणीचं आणि लाकडाचं काम होतं, पण यांचं लक्ष जंगलातल्या पाखरांत. १९१७ साली मुंबईला परतले, दावर कॉलेजात हिशेबनिशी आणि व्यापारी कायदा शिकू लागले. म्हणजे हा माणूस आमच्या धंद्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन गेला होता! सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी मात्र त्यांचा खरा कल ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकायला लावलं. १९१८ साली तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं.

पदवी अशी त्यांना मिळालीच नाही. नावामागचं डॉ. हे विद्यापीठांनी पुढे म्हातारपणी सन्मानाने दिलेलं. तरुणपणी मात्र पदवी नाही म्हणून पक्षिशास्त्राच्या सरकारी जागेसाठी नकार पदरात पडला. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये महिना ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी लागली. दोन वर्षांत त्यांना स्वतःलाच वाटू लागलं की आपलं शिक्षण अपुरं आहे. रजा घेऊन ते जर्मनीत बर्लिनला गेले आणि प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. शिकून १९३० साली परत आले, तर नोकरीच नाही! म्युझियमकडे पैसा नाही म्हणून जागाच रद्द झालेली. वय चौतिसाच्या घरात, बरोबर बायको, हाती बर्लिनचा अनुभव आणि पगार शून्य. आपल्यापैकी ज्यांच्या घरी गिरणी बंद पडण्याचे दिवस येऊन गेले त्यांना यापुढे सांगायला नको.

मुंबईत भाड्याने राहणं परवडेना, म्हणून नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला सासरच्या घरी राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. नोकरी नसलेल्या माणसाजवळ वेळच वेळ. सलीम अली रोज तासन्‌तास लपून बसून पाहू लागले. आपण बहिणाबाईंच्या गावची माणसं, सुगरणीच्या खोप्याचं कौतुक आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. पण सलीम अलींनी पाहिलं ते असं. खोपा विणतो नर. अर्धा विणून झाला की माद्या येऊन तपासणी करतात, आवडला तर मुक्काम करतात, नाही तर निघून जातात. एक मादी स्थिरावली की हा पठ्ठ्या तिच्यासाठी खोपा पुरा करतो आणि लगेच दुसरा बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. इतकी वर्षं लोक सुगरण पाहत होते, पण तिच्या संसाराचा हा हिशेब इतक्या बारकाईने कुणी लिहिला नव्हता. बेकारीतल्या त्या दिवसांतल्या लेखाने त्यांचं नाव झालं.

आता एका काळ्या पाखराची गोष्ट. आमच्या बँकेच्या नव्या भरतीला मी ही गोष्ट आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. जंगलात भृंगराज नावाचा एक काळा कुळकुळीत पक्षी असतो, आपल्या कोतवालाचा भाऊबंद. त्याच्या शेपटीतून दोन लांब काड्या निघतात आणि टोकाला पिसाचा एकेक झुपका असतो. त्या काळी भारतीय पक्ष्यांवर शब्द चालायचा तो ह्यू व्हिस्लर या इंग्रज अधिकाऱ्याचा. त्यांनी एका लेखात लिहिलं की या झुपक्याला काडीच्या आतल्या बाजूला पीस नसतं. जुन्या पुस्तकांतही तसंच छापलेलं. सलीम अलींनी हातात पीस घेऊन नीट पाहिलं. काडीला टोकाजवळ पीळ असतो, त्यामुळे आतली बाजू बाहेर आलेली दिसते. म्हणजे आजवर सगळे चुकीचंच वाचत आणि लिहीत आले होते. मागील पानावरून पुढे, तशी चूक पुस्तकापुस्तकांतून ओढली गेली होती. सलीम अलींनी ते छापून टाकलं. व्हिस्लर साहेब चिडले. कोण कुठला हिंदी तरुण आमची चूक काढतो, अशा अर्थाची तिखट पत्रं त्यांनी संपादकांना लिहिली. पण मग त्यांनी आपल्याकडचे नमुने पुन्हा काढून तपासले, चूक कबूल केली, आणि पुढे मरेपर्यंत दोघांची घट्ट मैत्री राहिली. एकाने न घाबरता चूक दाखवली, दुसऱ्याने पुन्हा तपासून मान्य केली. हे दोन्ही कठीण, आणि कचेऱ्यांत तर फारच कठीण.

१९३१ पासून त्यांनी संस्थानांतल्या पक्ष्यांच्या पाहणीला सुरुवात केली. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. पगार मागायचा नाही, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, अशी त्यांची अट असे. बैलगाड्या, तंबू, डाकबंगले, आणि बरोबर तेहमिनाबाई. सुखवस्तू घरात वाढलेल्या या बाईंनी जंगलातला संसार हसतमुखाने केला. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या अचानक गेल्या. सलीम अली तेव्हा त्रेचाळिसाव्या वर्षाचे. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. वांद्र्याला पाली हिलवर बहीण आणि मेहुण्यांच्या घरी राहिले आणि स्वतःला कामात बुडवून घेतलं. ज्यांच्या घरातलं एक माणूस असं वजा झालं आहे, त्यांना कामाचा आधार काय असतो ते ठाऊक आहे. माझ्यापुरतं मी एवढंच म्हणतो.

दोनच वर्षांनी, १९४१ साली, त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं ते प्रसिद्ध पुस्तक निघालं. पंडित नेहरूंनी ते आपल्या कन्येला, इंदिराजींना, भेट दिलं होतं. हे पुस्तक पंडितांसाठी नाही, तुमच्या-आमच्यासाठी आहे. त्यात एक फार साधी युक्ती आहे. पाखरू दिसलं की आधी रंग पाहू नका, आकार पाहा. चिमणीएवढं आहे, बुलबुलाएवढं, साळुंकीएवढं, कबुतराएवढं, की कावळ्याएवढं? त्याहून थोडं मोठं की थोडं लहान? मग चोच, शेपटी, पाय. मग ते बसतं कुठे आणि करतं काय. बँकेत आम्ही सही अशीच तपासायचो. एका अक्षरावर कधी भरवसा ठेवायचा नाही, सगळी सही मिळून ओळख पटते. नुसता काळा रंग म्हणजे सहीतलं एकच अक्षर.

या रीतीने मी गेल्या वर्षभरात आपल्या आवारातली काळी पाखरं तपासली. यादी देतो, म्हणजे तुम्हालाही सकाळी गॅलरीतून ताडून पाहता येईल.

कावळे दोन. मान राखाडी तो गावकावळा. सगळा काळा, जाड चोचीचा आणि घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा. पितृपक्षात गच्चीवर पान ठेवताना आपण दोघांनाही कावळा म्हणूनच हाक मारतो, आणि दोघेही हरकत घेत नाहीत.

कोकीळ कावळ्याएवढाच लांब, पण अंगाने सडपातळ. चकचकीत काळा, डोळे लाल, चोच हिरवट-पिवळी. चैत्रात आपल्या आंब्यावर जो ओरडून झोप उडवतो तो नर. गाण्यांत आपण कोकिळेला गायला लावतो, पण मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आणि अशी गात नाही. अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात.

भारद्वाज आकाराने डोमकावळ्यासारखा, पण पंख विटकरी. भिंतीलगत, कुंपणाच्या झुडपात चालत हिंडतो आणि खोल घुमणारा आवाज काढतो. सकाळी दिसला तर दिवस चांगला जातो म्हणतात. तो कोकिळेच्याच कुळातला, पण घरटं स्वतः बांधतो आणि पिल्लं स्वतः पोसतो.

बुलबुलाएवढा, काळा-पांढरा, शेपटी वर करून बसणारा तो दयाळ. उन्हाळ्यात भल्या पहाटे टाकीवर बसून सुरेल शीळ घालतो, ती त्याची. त्याच्याहून लहान, शेपटीखाली तांबूस आणि जमिनीवर, दगडांत टुणटुणणारा तो चीरक. हिवाळ्यात बांधकामाच्या विटांवर एक पाहुणा येतो, छाती काळी, पोट तांबूस, शेपटी सारखी थरथरत असते. तो थिरथिरा. थंडीपुरता उत्तरेकडून येतो आणि उन्हाळा लागला की परत जातो.

जास्वंदीवर चिमणीहून लहान, बाकदार चोचीचं काळं पाखरू दिसलं तर जरा थांबा. ऊन पडलं की त्याचा काळा रंग जांभळा-निळा चमकतो. तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. विणीचा हंगाम संपला की हा पोशाख उतरतो आणि गळ्याखाली फक्त एक काळी रेघ उरते. मेहरूण तलावावर फिरायला जाणाऱ्यांनी दगडावर पंख पसरून वाळवत बसलेला काळा पक्षी पाहिला असेल. तो पाणकावळा, आणि तो कावळा नाहीच.

आणि तारेवरचा तो? अंगाने बुलबुलाएवढा, शेपटी लांब आणि दुभंगलेली, चोचीच्या मुळाशी एक बारका पांढरा ठिपका. तो कोतवाल. कीटक पकडून खातो, शेतात नांगरामागे आणि म्हशीच्या पाठीवर बसतो. स्वतः एवढासा, पण घरट्याजवळ कावळा किंवा घार आली तर तिला पिटाळून लावतो. म्हणून होले, बुलबुल असे गरीब पक्षी त्याच झाडावर त्याच्या आश्रयाने घरटी करतात. कोतवाल हे नाव त्याला उगाच मिळालेलं नाही.

हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण सांगतो, पण आधी सलीम अलींची कहाणी पुरी करतो.

स्वातंत्र्यानंतर गोरे साहेब गेले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची धुरा सलीम अलींसारख्या माणसांवर आली. पैशाची चणचण होती, त्यांनी दारोदार फिरून ती संस्था जगवली. भरतपूरची पाणथळ जागा पक्ष्यांसाठी राखली जावी म्हणून झटले. डिलन रिप्ली यांच्यासोबत भारत-पाकिस्तानातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला, तेव्हा वय ७७ होतं. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण. जे. पॉल गेटी पुरस्काराचे ५०,००० डॉलर मिळाले, ते त्यांनी सोसायटीच्या निधीसाठी देऊन टाकले. मोटारसायकलचं मात्र भारी वेड. १९५० साली स्वीडनमधल्या परिषदेला गेले तेव्हा आपली सनबीम गाडी जहाजाने बरोबर नेली होती. १९८५ साली राज्यसभेवर नियुक्ती झाली आणि त्याच साली आत्मचरित्र निघालं. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षात, ते गेले.

त्या आत्मचरित्रातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९३७ साली ते मायनर्टझहागन नावाच्या ब्रिटिश कर्नलबरोबर अफगाणिस्तानात पक्ष्यांच्या मोहिमेवर गेले होते. त्या कर्नलने आपल्या डायरीत सलीम अलींबद्दल बरंच वाईटसाईट लिहून ठेवलं होतं. सलीम अलींनी ते स्वतःच्या पुस्तकात छापलं. आपल्याविरुद्धचा शेराही त्यांनी दडवला नाही.

या कर्नलचा आणि आपल्या खान्देशाचा एक संबंध आहे, तो सलीम अलींच्या मृत्यूनंतर उघडकीला आला. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. १८८० च्या दशकात खान्देशात जेम्स डेव्हिडसन नावाचे इंग्रज अधिकारी होते, त्यांनी शहादा-तळोद्याच्या बाजूने या घुबडाचे नमुने जमवले. नंतर हा पक्षी कुणाला दिसेना. शेवटची नोंद होती ती मायनर्टझहागनची, १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळाल्याची. पुढे अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले जुने नमुने तपासले, तेव्हा कळलं की ती नोंदच खोटी. कर्नलने डेव्हिडसनचा खान्देशातला नमुना संग्रहालयातून उचलला, त्यात नव्याने पेंढा भरला आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावली! ती खोटी नोंद बाजूला ठेवून, खऱ्या नोंदींच्या मागावर रासमुसेन आणि त्यांचे दोन साथीदार नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात आले, आणि शंभराहून अधिक वर्षांनी रानपिंगळा जिवंत सापडला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. मी त्या दशकात तीन वर्षं शहाद्याच्या शाखेत होतो. कर्जाच्या वसुलीला पाड्यापाड्यांवर फिरलो. झाडावर काय बसलंय हे मान वर करून पाहिल्याचं आठवत नाही.

एका खोट्या नोंदीने इतकी वर्षं सगळ्यांना चुकीच्या वाटेवर ठेवलं, आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याने नीट लिहिलेल्या चिठ्ठीने बरोबर जागी आणून सोडलं. हिशेबाच्या वह्यांत सारा जन्म घालवलेल्या माणसाला याहून मोठी गोष्ट कोणती सांगणार?

आता माझी गोष्ट. जुन्या सभासदांना आठवत असेल, मागच्या कुंपणाच्या भिंतीलगत एक मोठा कडुनिंब होता. मुळांनी भिंतीला तडा गेला होता. शिवाय झाडावरची काळी पाखरं डोक्यावर झडप घालतात, अशी दोन-तीन घरांची तक्रार होती. मी तेव्हा सचिव होतो. सर्वसाधारण सभेत ठराव झाला, रीतसर परवानगी घेतली, आणि मे महिन्यात झाड उतरवलं. जागा गाड्या लावायला झाली, सगळ्यांची सोय झाली. मी कुणाला दोष देत नाही, ठरावावर सही माझी आहे. परवा मी ते इतिवृत्त पुन्हा काढून वाचलं. तोडणावळ किती, लाकूड केवढ्याला गेलं, भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च किती, पैशापैशाचा हिशेब जुळतो. पाखरांबद्दल माझ्या अक्षरात दोनच शब्द आहेत, काळे पक्षी.

ते कावळे होते की कोतवाल? कावळेही घरट्यापाशी माणसाच्या डोक्यावर येतात आणि कोतवालही. पडलेल्या फांदीच्या बेचक्यात एक घरटं होतं हे मला आठवतं. मी वाकून पाहिलं नाही, सफाईवाल्याला उचलायला सांगितलं. काड्या आणि तारांचं असतं तर कावळ्याचं, लहान वाटीएवढं असतं तर कोतवालाचं. त्यानंतर मागच्या बाजूचे होले आणि बुलबुल कमी झाले असं आमच्या घरात बोलणं व्हायचं, तेव्हा मी म्हणायचो, उन्हाने गेले असतील. आज तो प्रश्न सुटण्याचा मार्ग नाही, कारण जिथे नोंद हवी होती तिथे मी नाव लिहिलं नाही, आणि मला ते माहीतही नव्हतं.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने एक विनंती. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ तारीख सलीम अलींचा. त्या आठवड्यापासून सोसायटीच्या कार्यालयात मी एक दोनशे पानी वही ठेवणार आहे. रकाने चारच. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं. मुलांनी लिहावं, आजीआजोबांनी लिहावं, वॉचमनने लिहावं. अट एकच. नाव माहीत नसेल तर रकाना कोरा ठेवायचा किंवा पाखराचं वर्णन लिहायचं, अंदाजाने कावळा लिहायचं नाही. पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघेल, तेव्हा मी नसेन. पण त्या वेळच्या समितीपुढे एखादं झाड तोडायचा विषय आला, तर त्यांना निदान वही उघडून पाहता येईल की त्या झाडावर कोण राहतं.

पहिली नोंद मी करून ठेवली आहे. तारेवरचा कोतवाल, एक, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. नातवाला फोन करून चूक कबूल केली. तो म्हणाला, त्याला तेव्हाच शंका आली होती.



– एक ज्येष्ठ सभासद